वार्धक्य, विमा आणि कायदा

गेल्या हिंवाळ्यांत अमेरिकेहून माझ्या एका मावसबंधूंचा फोन आला. हे गृहस्थ माझ्याहून वीस-बावीस वर्षांनीं वडील. आम्ही सारीं भावंडें त्यांना अण्णा म्हणतों. १९७२ सालीं पुण्यांतून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते तिकडे गेले, न्यू जर्सींत स्थायिक झाले, नोकरी करून निवृत्त झाले, आणि आतां पंचाहत्तरी ओलांडून बसले आहेत. आवाज नेहमींसारखाच खणखणीत होता, पण विषय नेहमींचा नव्हता. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया करावी लागणार होती. ज्या इस्पितळांत ती व्हावी असें त्यांच्या जुन्या डॉक्टरांचें मत होतें, तें इस्पितळ त्यांच्या विम्याच्या यादींत नव्हतें. विमा बदलावा म्हणून त्यांनीं दुसरीकडे अर्ज केला, तर त्या कंपनीनें प्रकृतीविषयीं लांबलचक प्रश्नावली पाठविली, आणि ती भरून जातांच नकार कळविला. "अरे, पासष्टाव्या वर्षीं माझ्यासाठीं सहा महिने दार उघडें होतें," अण्णा म्हणाले, "त्या वेळीं कोणी कांहीं विचारलें नसतें. पण तेव्हां मी धडधाकट होतों, म्हणून त्या दाराकडे पाहिलेंहि नाहीं. आतां पाहतों तों तें बंद!"

हें दार कोणीं बसविलें, तें सहाच महिने कां उघडें राहतें, आणि मुळांत एका श्रीमंत राष्ट्रांतील म्हाताऱ्या माणसास सरकारी विमा असूनहि खासगी विम्याच्या उंबरठ्यावर कां उभें राहावें लागतें, या प्रश्नांनीं मला पुढें कित्येक दिवस सोडलें नाहीं. इतिहासाचा अध्यापक सवयीनें कागदपत्रांकडे वळतो. तसा मीहि वळलों. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें येथें संगतवार मांडण्याचा विचार आहे. विषय कायद्याचा व विम्याचा, म्हणजे वरवर पाहतां अगदींच रुक्ष. परंतु ज्या घरांतील मुलगा वा मुलगी समुद्रापलीकडे आहे, ज्या घरांतील काका-मामा तिकडेच म्हातारे झाले आहेत, अशीं घरें आतां आपल्या मध्यमवर्गांत विरळ राहिलेलीं नाहींत. त्यांस तरी तो रुक्ष वाटूं नये.

विम्याचें मूळ तत्त्व सोपें आहे. शंभर माणसांनीं थोडे थोडे पैसे एकत्र ठेवावे, आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्यास त्यांतून द्यावें. इस्पितळाच्या खर्चास हें तत्त्व लावण्याचा जो प्रयोग अमेरिकेंत पुढें सर्वत्र अनुकरिला गेला, तो १९२९ सालीं टेक्सासमधील डॅलस शहरीं झाला. तेथील बेलर विद्यापीठाच्या इस्पितळानें शाळाशिक्षकांशीं करार केला : दरमहा ५० सेंट द्यावे, आणि आजारी पडल्यास २१ दिवसांपर्यंत इस्पितळांत राहण्याची सोय घ्यावी. महामंदीच्या काळांत ही कल्पना झपाट्यानें पसरली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमा हा नोकरीचाच एक भाग होऊन बसला. यांतच वार्धक्याचा पेंच होता. नोकरी संपली कीं बहुधा विमाहि संपे. आणि आजार नेमके त्याच वयांत सुरू होत. कंपन्यांच्या हिशेबानें म्हातारा माणूस म्हणजे तोट्याचें गिऱ्हाईक. यामुळें १९६० च्या सुमारास पासष्टीच्या पुढील जवळजवळ निम्म्या लोकांपाशीं इस्पितळाच्या खर्चाचा कोणताच विमा नव्हता, आणि ज्यांच्यापाशीं होता त्यांतील कित्येकांचा तुटपुंजा होता.

सरकारनें हात घालावा ही मागणी जुनीच होती. १९३५ सालीं अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनीं सामाजिक सुरक्षिततेचा कायदा करून वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची सोय केली. परंतु डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध ओढवून सारा कायदाच बुडूं नये म्हणून आजाराच्या विम्याचा विषय त्यांतून गाळला. १९४५ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष ट्रूमन यांनीं राष्ट्रव्यापी आरोग्य-विम्याची योजना काँग्रेसपुढें, म्हणजे तेथील संसदेपुढें, ठेविली. ती पार पडली नाहीं. अखेर वीस वर्षांनीं, ३० जुलै १९६५ रोजीं, अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे मुद्दाम मिझुरी संस्थानांतील इंडिपेंडन्स या ट्रूमन यांच्या गांवीं गेले, आणि ८१ वर्षांच्या ट्रूमनसमक्ष त्यांनीं मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पहिलें ओळखपत्र ट्रूमन यांनाच देण्यांत आलें. याच जॉन्सन यांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या ३ तारखेस परदेशीयांच्या प्रवेशाच्या नव्या कायद्यावरहि सही केली, आणि भारतांतील डॉक्टर-इंजिनिअरांस अमेरिकेचा मार्ग मोकळा झाला. अण्णांसारख्या तरुणास देशांत घेणारा कायदा आणि म्हातारपणीं त्याचें औषधपाणी पाहणारा कायदा हे अशा रीतीनें एकाच हाताचे, दोन महिन्यांच्या अंतरानें जन्मलेले आहेत.

मेडिकेअर १ जुलै १९६६ पासून अंमलांत आलें. सुमारें १ कोटि ९० लक्ष वृद्ध त्याच्या छत्राखालीं आले, आणि हें कार्य लहान नव्हे. परंतु तें छत्र अखंड नव्हतें. त्याचे दोन भाग होते. पहिला इस्पितळाचा, दुसरा डॉक्टरांच्या फीचा. दुसरा भाग ऐच्छिक असून त्याचा हप्ता दरमहा ३ डॉलर होता. इस्पितळांत गेल्यास पहिले ४० डॉलर रोग्यानें भरावे. साठ दिवसांपुढें रोजचा कांहीं वांटा त्यानेंच उचलावा. मुक्काम फारच लांबला तर सारा भार त्याच्यावरच पडावा. डॉक्टरांच्या बिलांपैकीं वर्षाचे पहिले ५० डॉलर रोग्याचे, आणि पुढील रकमेपैकीं शेंकडा २० हि त्याचेच. घरीं घ्यावयाचीं औषधें, चष्मा, दांत, कानाचें यंत्र हें तर हिशेबांतच नव्हतें. कायदा करणाऱ्यांस या फटी दिसत नव्हत्या असें नाहीं. त्या काळच्या खासगी विम्याचा जो नमुना प्रचलित होता तोच त्यांनीं उचलला होता, आणि रोग्याच्या खिशास थोडी तोशीस लागली म्हणजे तो विनाकारण डॉक्टरकडे धांवणार नाहीं, असें त्यामागें गृहीत होतें. पण १९६६ सालचे ते ४० डॉलर २०२५ सालीं १,६७६ झाले. आणि शेंकडा २० च्या वांट्यास त्या मूळ योजनेंत वरची मर्यादा तेव्हां नव्हती व आजहि नाहीं. हजार डॉलरांच्या बिलावर हा वांटा दोनशें होतो, लाखाच्या बिलावर वीस हजार.

या फटी बुजवून देण्याचा म्हणून जो खासगी व्यापार उभा राहिला, त्यास पुढें 'मेडिगॅप' असें नांव पडलें. आपण त्यास पुरवणी विमा म्हणूं. हा व्यापार मुळांतच वाईट होता असें म्हणणें अन्यायाचें होईल; चांगल्या कंपनीची चांगली पॉलिसी वृद्धास खरोखरच निर्धास्त करी. परंतु या बाजाराची रचनाच अशी होती कीं प्रामाणिक विक्रेत्यास विशेष फायदा नसे आणि अप्रामाणिकास शिक्षा नसे. प्रत्येक कंपनीची पॉलिसी निराळी, शब्द निराळे, अपवाद निराळे. एकीनें इस्पितळाचे पहिले डॉलर भरावे पण डॉक्टरांचा वांटा भरूं नये. दुसरीनें रोज ठराविक रक्कम द्यावी, मग खर्च कांहींहि होवो. तिसरीनें एकट्या कर्करोगापुरतेंच बोलावें. सत्तरीच्या एकाकी विधवेनें या दोन पॉलिसी शेजारीं ठेवून तुलना करावी तरी कशी? आमच्या जुन्या बाजारपेठांतून गांवोगांवचा शेर निराळा व पायली निराळी असे. बाहेरगांवचा मनुष्य धान्य घेतांना हमखास ठकला जाई. येथें तर प्रत्येक दुकानदाराचें माप वेगळें होतें, आणि गिऱ्हाईकास मापाकडे पाहण्यापुरती दृष्टिहि उरलेली नव्हती.

यांत दलालीची भर पडली. एजंटास पहिल्या वर्षाच्या हप्त्यांतून मोठी दलाली मिळे, पुढील वर्षीं थोडी. तेव्हां त्याचें हित जुनी पॉलिसी चालू ठेवण्यांत नसून नवी खपविण्यांत असे. म्हणून एकाच वृद्धास एकावर एक अशा अनेक पॉलिसी विकल्या जात. किंवा वर्षा-दोन वर्षांनीं जुनी सोडावयास लावून नवी गळ्यांत बांधली जाई. दुसऱ्या प्रकारांत तोटा दुहेरी होता. कारण नव्या पॉलिसीबरोबर जुन्या दुखण्यांसाठीं थांबण्याची मुदतहि नव्यानें सुरू होई, आणि त्या मुदतींतच दुखणें उलटलें तर म्हातारा ना इकडचा ना तिकडचा. कांहीं एजंट तर आपण सरकारतर्फें आलों आहों असा भास निर्माण करीत. ऑरेगन संस्थानांतील रॉन वायडन या पुढाऱ्यानें तरुणपणीं 'ग्रे पँथर्स' नांवाच्या वृद्धांच्या संघटनेंत काम केलें होतें. बुटांच्या खोक्यांत विम्याच्या पॉलिसींची चवड जपून ठेवणारीं म्हातारीं माणसें आपण त्या काळीं पाहिलीं, असें ते पुढें वारंवार सांगत आले आहेत. भीति बाजारांत विकत मिळत नाहीं. पण तिच्या जोरावर बाजारांत काय वाटेल तें विकतां येतें.

मग सरकार काय करीत होतें? येथें अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक जुना गुंता आडवा येतो. १८६९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला होता कीं विम्याचा करार हा आंतरसंस्थानीय व्यापार नव्हे. अर्थात् त्याचें नियमन ज्या त्या संस्थानानें करावें, मध्यवर्ती सरकारनें नव्हे. पाऊणशें वर्षांनीं, १९४४ सालीं, त्याच न्यायालयानें हा निकाल फिरविला. तेव्हां विमाव्यवसाय व संस्थानें या दोघांतहि खळबळ उडाली, आणि काँग्रेसनें १९४५ सालीं स्वतंत्र कायदा करून ही सत्ता पुन्हां संस्थानांच्याच हातीं ठेविली. याचा परिणाम असा झाला कीं मेडिकेअर सगळ्या राष्ट्राचें, परंतु त्याच्या फटी बुजविणाऱ्या विम्यावरील देखरेख मात्र पन्नास ठिकाणीं विखुरलेली. कांहीं संस्थानांचे विमा-आयुक्त दक्ष होते, कांहींचे सुस्त. आणि टपालानें विक्री करणाऱ्या कंपनीस सुस्त संस्थान हुडकून काढणें कठीण नव्हतें.

१९७८ सालीं काँग्रेसच्या प्रतिनिधि-सभेंतील वार्धक्यविषयक समितीनें या व्यापाराची जाहीर चौकशी केली. समितीचे अध्यक्ष फ्लॉरिडाचे क्लॉड पेपर स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेले होते. जें आजवर घराघरांतील खासगी दुःख होतें तें या चौकशीनें राष्ट्रीय लांच्छन म्हणून सर्वांसमोर मांडलें. पुढील वर्षीं संस्थानांच्या विमा-आयुक्तांच्या मंडळानें नमुनेदार नियम तयार केले, आणि ९ जून १९८० रोजीं अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें पहिला मध्यवर्ती कायदा झाला. माँटॅना संस्थानाचे सिनेटर मॅक्स बॉकस यांनीं एका मोठ्या विधेयकांत ही दुरुस्ती घातली म्हणून ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

बॉकस-दुरुस्तीची युक्ति मुत्सद्देगिरीची होती. संस्थानांची सत्ता तिनें काढून घेतली नाहीं. ज्या संस्थानाचे नियम नमुन्याइतके कडक असतील त्यास मोकळें ठेवावें, आणि जेथें तसे नसतील तेथील कंपन्यांनीं हवें तर मध्यवर्ती सरकारचें प्रमाणपत्र घ्यावें, एवढेंच तिनें म्हटलें. पण त्याबरोबर तीन ठोस गोष्टी केल्या. सरकारी माणूस असल्याची बतावणी करणें, खोटें सांगून पॉलिसी विकणें, आणि एका पॉलिसीची हुबेहूब पुनरुक्ति करणारी दुसरी पॉलिसी जाणूनबुजून विकणें, हे गुन्हे ठरले. त्यांस २५,००० डॉलरपर्यंत दंड व पांच वर्षांपर्यंत कैद ठेविली. दुसरें, गोळा केलेल्या हप्त्यांपैकीं कांहीं किमान भाग विमेदारांकडे परत गेलाच पाहिजे असा दंडक घातला : एकेकट्यास विकलेल्या पॉलिसींत शंभर डॉलरांमागें ६०, आणि समूहास विकलेल्या पॉलिसींत ७५. तिसरें, जुन्या दुखण्यांच्या नांवाखालीं सहा महिन्यांहून अधिक काळ पैसे नाकारतां येऊं नयेत असें ठरविलें. बहुतेक सर्व संस्थानांनीं हे नियम स्वीकारले. पण मापें निराळीं होतीं तीं निराळींच राहिलीं. शिवाय 'जाणूनबुजून' हा शब्द न्यायालयांत सिद्ध करणें किती दुर्घट असतें, हें वकिलांस सांगावयास नको. शेंकडा ६० चा दंडक तर पुष्कळ कंपन्यांच्या बाबतींत कागदावरच राहिला, कारण तो मोडणाऱ्याकडून वसुली करण्याची तरतूदच नव्हती.

येथें या इतिहासास एक विलक्षण वळण मिळतें. फटींवरच्या व्यापाराचें नियमन करण्यापेक्षां फटीच कां बुजवूं नयेत? अध्यक्ष रेगन यांनीं १ जुलै १९८८ रोजीं तसा कायदा केला. वृद्धाच्या खिशांतून जाणाऱ्या खर्चास त्यानें वरची मर्यादा घातली, आणि बाहेरच्या औषधांचीहि सोय करण्याचें ठरविलें. १९६५ नंतर मेडिकेअरचा एवढा विस्तार झाला नव्हता. परंतु हा सारा खर्च वृद्धांनींच द्यावा, आणि ज्यांची प्राप्ति अधिक त्यांनीं अधिक द्यावा, असेंहि त्यांत होतें. पहिल्याच वर्षीं हा जादा कर माणशीं ८०० डॉलरपर्यंत जाऊं शकत होता. ज्यांच्या जुन्या मालकांनीं त्यांस निवृत्तीनंतरहि पुरवणी विमा दिला होता, त्यांस वाटलें, जें आपणांपाशीं आहे त्याचेच पैसे आपण दुसऱ्यांदां कां द्यावे? १९८९ च्या ऑगस्टांत शिकागो येथें या कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते डॅन रोस्टेन्कोव्स्की यांच्या मोटारीस संतप्त वृद्धांनीं गराडा घातला. त्यांस गाडींतून उतरून अक्षरशः पळ काढावा लागला. वर्ष संपण्यापूर्वींच काँग्रेसनें कायदा रद्द केला. फटी पुन्हां होत्या तेथें आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ १९९० सालीं पुरवणी विम्याचे हप्तेहि भराभर चढले. ज्यांचा आवाज मोठा त्यांस तो कायदा नको होता. ज्यांस तो हवा होता, त्यांचा आवाज वर्तमानपत्रांपर्यंत पोंचलाच नाहीं. वृद्ध म्हणून कोणी एक वर्ग नाहीं. त्यांतहि सुखवस्तु व गरीब, निर्धास्त व धास्तावलेले, असे भेद आहेत. लोकहिताचा कायदा करणाऱ्यास हा भेद विसरून चालत नाहीं, हा त्या प्रकरणाचा धडा मला वाटतो.

फटी बुजत नाहींत तर निदान बाजार तरी स्वच्छ करावा, या विचारानें १९९० च्या नोव्हेंबरांत नवा कायदा झाला. वर उल्लेखिलेले वायडन या वेळीं प्रतिनिधि-सभेचे सभासद होते, आणि त्या कायद्यामागें त्यांचा पुष्कळ खटाटोप होता. या कायद्यानें बाजारांतील मापांवर सरकारी शिक्का मारला. यापुढें पुरवणी विम्याचे दहाच प्रकार असावे, त्यांस रोमन वर्णमालेंतील ए पासून जे पर्यंत अक्षरें द्यावीं, आणि एका अक्षराच्या पॉलिसींत कंपनी कोणतीहि असली तरी तेच फायदे असावे, असें ठरलें. कोणत्या अक्षरांत काय असावें तें विमा-आयुक्तांच्या मंडळानें १९९१ च्या जुलैमध्यें निश्चित केलें, आणि पुढील वर्षापासून बहुतेक संस्थानांत तीं अक्षरें चालू झालीं. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या तीन संस्थानांनीं आधींच आपापलीं मापें ठरविलीं होतीं. त्यांस तींच ठेवूं दिलीं. आतां म्हाताऱ्या विधवेस दोन कंपन्यांच्या एकाच अक्षराच्या पॉलिसी समोर ठेवून फक्त हप्ता व व्यवहाराची सचोटी पाहावयाची होती. शेजारणीचा सल्लाहि आतां तिच्या उपयोगीं पडूं लागला, कारण दोघी प्रथमच एका भाषेंत बोलत होत्या.

याखेरीजहि त्या कायद्याचीं कलमें महत्त्वाचीं होतीं. विमेदार हप्ता भरीत आहे तोंवर, प्रकृति बिघडली म्हणून पॉलिसी बंद करतां येणार नाहीं. एक पुरवणी विमा असतां दुसरा विकणें निषिद्ध. विकण्यापूर्वीं, पूर्वीची कोणती पॉलिसी आहे हें लेखी घ्यावें, आणि ती सोडावयाची असेल तर तसें सहीनिशीं लिहून घ्यावें. शंभरांमागें ६० चा किमान आंकडा ६५ केला, आणि तितकें परत गेलें नाहीं तर उरलेली रक्कम विमेदारांस परत करावी, असें करून त्या दंडकास दांत बसविले. गिऱ्हाइकास मोफत व निःपक्षपाती सल्ला मिळावा म्हणून संस्थानांस अनुदानें दिलीं. त्यांतून उभीं राहिलेलीं सल्ला-केंद्रें आजहि बव्हंशीं स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे अण्णांचें तें दार : पासष्टी पुरी होऊन मेडिकेअरचा दुसरा भाग ज्या महिन्यांत सुरू होईल, त्या महिन्यापासून सहा महिनेपर्यंत कोणत्याहि कंपनीनें प्रकृतीच्या कारणावरून कोणासहि नाकारूं नये, अगर अधिक हप्ता घेऊं नये.

एरवीं आपण असें मानतों कीं निवड करण्यास जितके पर्याय अधिक, तितकें स्वातंत्र्य अधिक. या कायद्यानें शेंकडों पर्याय नाहींसे करून दहाच ठेवले. आणि तरीहि गिऱ्हाइकाचें स्वातंत्र्य त्यानें वाढविलें असेंच म्हणावें लागतें. जेथें तुलना करतां येत नाहीं, तेथें निवडीचा अधिकार नांवापुरताच असतो. पुढें औषधांची स्वतंत्र सोय २००६ पासून झाली, कांहीं अक्षरें गळालीं, कांहीं नवीं आलीं. १ जानेवारी २०२० पासून नव्यानें पात्र होणाऱ्यांस, पहिल्या डॉलरापासून सर्व भरणारीं दोन अक्षरें विकूं नयेत असेंहि ठरलें. पण एका अक्षरास एकच अर्थ, हें तत्त्व अजून अढळ आहे.

आतां राहिला प्रश्न सहा महिन्यांचा. कंपन्यांचें म्हणणें असें कीं दार सदा उघडें ठेविलें तर मनुष्य निरोगी असतां बाहेर राहील आणि आजारी पडतांच आंत येईल. मग हप्ते चढतील, आणि निरोगी माणसें आणखी दूर पळतील. हा युक्तिवाद लबाडीचा नाहीं. विम्याच्या तत्त्वांतूनच तो निघतो. न्यूयॉर्क व कनेक्टिकट या संस्थानांनीं दार वर्षभर उघडें ठेविलें आहे, मेन व मॅसॅच्युसेट्स तें दरवर्षीं कांहीं काळ उघडतात, आणि न्यूयॉर्कसारख्या ठिकाणीं हप्ते इतरांहून चढेच आहेत. परंतु दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. १९९० नंतर परिस्थिति पालटली. मूळ मेडिकेअरऐवजीं सरकारच्या पैशानें चालणाऱ्या खासगी योजना, ज्यांस तिकडे 'अॅडव्हांटेज' म्हणतात, त्या इतक्या वाढल्या कीं २०२३ पासून निम्म्याहून अधिक पात्र लोक त्यांतच आहेत. त्यांचा हप्ता थोडा, खर्चास वरची मर्यादा, चष्म्या-दांतांचीहि कांहीं सोय. पण डॉक्टर व इस्पितळें यादींतलीं, आणि पुष्कळ उपचारांस आधीं परवानगी. त्यांतून मूळ मेडिकेअरमध्यें दरवर्षीं परत येतां येतें. परंतु परत आल्यावर पुरवणी विमा मिळेलच असें नाहीं. १९९७ च्या कायद्यानें कांहीं प्रसंगीं हें संरक्षण दिलें आहे : योजनाच बंद पडली तर, किंवा प्रथमच अशी योजना घेऊन पहिल्या वर्षाच्या आंत मन पालटलें तर. बाराव्या महिन्यानंतर मात्र बहुतेक संस्थानांत प्रश्नावली पुढें येते. पासष्टी पुरी होण्यापूर्वींच अपंगत्वामुळें ज्यांस मेडिकेअर मिळतें, त्यांस तर मध्यवर्ती कायद्यानें हें दार पासष्टीपर्यंत दिलेलेंच नाहीं.

माझ्या मतें दोष येथें आहे. सहा महिन्यांचा नियम ज्या काळीं झाला, त्या काळीं निवड सोपी होती. आज पासष्टीच्या मनुष्यापुढें जो रस्ता फुटतो, त्यांतील एक वाट परतीची नाहीं, हें त्या वाटेच्या आरंभीं ठळकपणें लिहिलेलें नसतें. निर्णय निरोगीपणीं घ्यावयाचा आणि त्याचें फळ आजारीपणीं भोगावयाचें, हें विम्यांत अटळ आहे हें मान्य. परंतु निर्णयाचें स्वरूप कायमचें आहे एवढें तरी त्या क्षणीं कळलें पाहिजे. विक्रेत्याच्या खोटेपणापासून कायद्यानें वृद्धास पुष्कळ अंशीं वांचविलें. पण विक्रेता जें बोलतच नाहीं, त्यापासून त्यास अद्याप वांचविलेलें नाहीं. दरवर्षीं थोडा काळ दार उघडून, वाढत्या हप्त्याचा भार सर्वांनीं मिळून उचलण्याचा मार्ग दोन संस्थानांनीं दाखविला आहे. इतरांनीं तो निदान पारखून तरी पाहावा.

आपल्याकडील वाचकांस यांत दोन प्रकारें लक्ष घालण्यासारखें आहे. मुलांकडे कायमचे राहावयास गेलेल्या आईवडिलांस, कायम रहिवासाचा परवाना मिळून सलग पांच वर्षें तेथें राहिल्यावर, पासष्टीनंतर मेडिकेअर विकत घेतां येतें. आणि त्याचा दुसरा भाग सुरू होतांच त्यांचेहि सहा महिने मोजले जाऊं लागतात. हें मुलांस ठाऊक असतेंच असें नाहीं. दुसरें, हा प्रश्न आपल्या दारींहि आला आहे. २०२४ च्या एप्रिलपासून आपल्या विमा-नियामक प्राधिकरणानें आरोग्य-विमा घेण्यास असलेली ६५ वर्षांची वरची अट उठविली, आणि २०२५ च्या जानेवारींत, साठीवरील विमेदारांचा हप्ता वर्षाला शेंकडा १० हून अधिक वाढवावयाचा असल्यास आधीं प्राधिकरणाशीं विचारविनिमय करावा, अशी आज्ञा काढली. अमेरिकेस जो पल्ला गांठण्यास पंचवीस वर्षें लागलीं, त्याच्या आरंभीं आपण उभे आहों. दुसऱ्याच्या ठेंचेनें शहाणें होण्याची संधि क्वचितच एवढी स्पष्ट असते.

अण्णांची शस्त्रक्रिया यादींतल्याच एका इस्पितळांत, दुसऱ्या डॉक्टरांच्या हातून झाली, आणि सुदैवानें चांगली झाली. दहा वर्षें त्या योजनेनें आपले पैसेहि वांचविले, हें ते प्रांजळपणें कबूल करतात. मात्र प्रकृति सुधारल्यावर त्यांनीं एक नवा उद्योग आरंभिला आहे. महिन्यांतून एकदां मराठी मंडळाच्या बैठकींत ते एक टेबल मांडून बसतात, आणि पासष्टी जवळ आलेल्या मंडळींस कागद-पेन्सिल घेऊन हें सहा महिन्यांचें गणित समजावून देतात. "कोणती पॉलिसी घ्या, हें मी सांगत नाहीं," ते मला म्हणाले, "दार कधीं लागतें तेवढें सांगतों."